गॅलिलिओची पेटी: भिंगं उत्तम, पुस्तिका कच्ची आणि भोकाचा एक पुठ्ठा राहून गेलेला

ठाणे पश्चिमेला शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या एका दुकानात सध्या एक पेटी मिळते. पेटीवर कुठल्याही कंपनीचं नाव नाही, ‘विज्ञानक्रांती संच’ एवढीच चिठ्ठी चिकटवलेली. किंमत ४,८०० रुपये. आत दुर्बिणीची दोन भिंगं आणि पुठ्ठ्याची नळी, उतरणीसाठी ॲल्युमिनियमचे एकेक मीटरचे दोन अँगल, तीन गोळ्या, लंबकाचं सामान, एक लोलक (प्रिझम), बारा मीटर पारदर्शक नळी आणि चाळीस पानांची मराठी पुस्तिका. सतराव्या शतकात इटली, फ्रान्स, हॉलंड आणि इंग्लंडमध्ये ज्या प्रयोगांमधून आजच्या विज्ञानाची पद्धत उभी राहिली, त्यातले पाच प्रयोग घरी करता यावेत, हा पेटीमागचा हेतू. तो बराचसा साधतोही. पण पुस्तिकेतल्या पायऱ्या जशाच्या तशा पाळल्या तर पहिल्याच संध्याकाळी गुरू ग्रह जांभळ्या धुराच्या गोळ्यासारखा दिसेल आणि मुलं दुर्बीण बाजूला ठेवून देतील. म्हणून पेटीत काय बदलायचं आणि का, हे इथे सविस्तर लिहिलं आहे.

सुरुवात दुर्बिणीपासून, कारण पेटीतली सर्वात मोलाची वस्तू तीच. वस्तुभिंग, म्हणजे आकाशाकडचं भिंग, काचेचं, ५० मिमी व्यासाचं, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर. चिठ्ठीवर नाभीय अंतर (भिंगापासून लांबून आलेले किरण जिथे एकवटतात तिथपर्यंतचं) १,००० मिमी लिहिलं आहे. नेत्रिका, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, अंतर्वक्र (मधे खोलगट), २० मिमी व्यासाची, ५० मिमी नाभीय अंतराची. १,००० भागिले ५० म्हणजे २० पट क्षमता. १६०९ सालच्या अखेरीस गॅलिलिओने जी दुर्बीण तयार केली ती याच क्षमतेची होती. नेत्रिका अंतर्वक्र दिली, हा पेटी करणाऱ्याचा निर्णय फार चांगला. बाजारातल्या बहुतेक ‘गॅलिलिओ दुर्बिणीं’मध्ये बहिर्वक्र नेत्रिका असते. ती रचना जर्मन खगोलज्ञ केप्लरने १६११ मध्ये मांडली. तिच्यात दृश्याचा आवाका मोठा मिळतो, पण प्रतिमा उलटी दिसते. इथे प्रतिमा सुलटी दिसते आणि आवाका अगदी चिंचोळा, जसा गॅलिलिओला मिळाला तसाच.

पेटीत नाही ती वस्तू म्हणजे पुठ्ठ्याची एक काळी चकती, मधोमध भोक असलेली. वस्तुभिंगाच्या पुढे लावायची. ती नसल्यामुळे ५० मिमीचं सगळं भिंग उघडं राहतं आणि इथेच सगळा घोळ होतो. एकेरी भिंगात लाल आणि निळा प्रकाश एकाच जागी जुळत नाहीत. या भिंगात दोघांच्या नाभींमध्ये साधारण १६ मिमीचं अंतर पडतं. नळी कशीही पुढे-मागे करा, एक रंग नेमका आला की दुसरा फाकलेला असतो. भिंगाचं तोंड लहान केलं की किरणांचा शंकू निमुळता होतो, फाकलेला रंग कमी जागेत मावतो आणि कडा स्वच्छ दिसू लागतात. उजेड कमी होतो, पण चंद्र आणि गुरू यांच्याकडे उजेडाची कमतरता नाही.

गॅलिलिओच्या काळी या चकतीचं कारण आणखी एक होतं. हाताने घासलेलं भिंग मधोमध बरं जमायचं, कडेला वक्रता बिघडायची. चकतीमुळे ती बिघडलेली कड झाकली जायची. फ्लॉरेन्सच्या गॅलिलिओ संग्रहालयात त्याच्या दोन अस्सल दुर्बिणी आहेत. त्यातल्या एकीचं वस्तुभिंग ३७ मिमी व्यासाचं आहे, पण उघडा भाग फक्त १५ मिमी. नाभीय अंतर ९८० मिमी, क्षमता २१ पट. म्हणजे अर्ध्याहून जास्त काच मुद्दाम झाकलेली. आपल्या साधनाचा कोणता भाग भरवशाचा आणि कोणता नाही, हे ओळखून उरलेला भाग बंद करणं, ही या पेटीतून शिकण्यासारखी पहिली गोष्ट. तीच पेटीत नसावी याचं वाईट वाटतं.

उपाय पाच मिनिटांचा आहे. काळा कार्डपेपर घ्या, त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून रेघ मारा (सध्याची नाणी २० ते २२ मिमीची आहेत), भोक कापा आणि चकती भिंगाला जवळजवळ टेकेल अशी आत बसवा. भोकाची कड खरबरीत राहू देऊ नका. चंद्रासाठी २० मिमी चांगलं. गुरूच्या चंद्रांसाठी ठाण्याच्या आकाशात २५ मिमीची दुसरी चकती करून ठेवा, थोडा जास्त उजेड लागतो.

जोडणीत आणखी तीन चुका होतात. भिंगाची फुगीर बाजू बाहेर, आकाशाकडे हवी. पुस्तिकेतल्या चित्रात ती आत दाखवली आहे. दुसरं, चिठ्ठीवरचे १,००० मिमी नेमके नसतात. दिवसा खोलीत भिंग धरून समोरच्या लांबच्या इमारतीची प्रतिमा भिंतीवर पाडा आणि अंतर मोजा. तपासलेल्या भिंगाचं ९६५ मिमी भरलं. दोन भिंगांमधलं अंतर म्हणजे नाभीय अंतरातून ५० वजा, इथे ९१५ मिमी. सरकणारी नळी फक्त २० मिमी सरकते, त्यामुळे लांब नळी तीन सेंटिमीटर कापल्याशिवाय काहीच स्पष्ट दिसत नाही. दुकानातून ‘दुर्बीण खराब निघाली’ म्हणून परत आलेल्या पेट्यांमध्ये ही एकच अडचण असणार. तिसरं, नळीची आतली बाजू पांढरी आहे. काळ्या चार्टपेपरची गुंडाळी आत सरकवा, नाहीतर रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड आत उसळून सगळं दृश्य राखाडी होतं.

पुठ्ठ्याची नळी ठाण्याच्या पावसाळ्यात टिकणार नाही. जुलैपर्यंत ती लिबलिबीत होते आणि मधे वाकते. हार्डवेअरच्या दुकानातला दोन इंची पीव्हीसी पाइप मीटरभर घ्या. भिंग आत सैल बसलं तर कडेला फोमची पट्टी लावा. भिंगं पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, नाहीतर बुरशीचे तंतू काचेवर धरतात आणि ते पुसून जात नाहीत. नेत्रिका हरवली किंवा ओरखडली तर घाबरायचं कारण नाही. चष्म्याच्या भाषेत वस्तुभिंग म्हणजे ‘प्लस १ नंबर’ आणि नेत्रिका म्हणजे ‘मायनस २० नंबर’. प्लस १ कुठल्याही चष्म्याच्या दुकानात मिळतं, मायनस २० मागवावं लागतं. दुर्बिणीचा जन्मही चष्मेवाल्यांच्याच आळीतला. हॉलंडमधल्या मिडलबर्गच्या हान्स लिपरशे या चष्मेवाल्याने ऑक्टोबर १६०८ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. गॅलिलिओला ती बातमी १६०९ च्या उन्हाळ्यात कळली. पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर ‘दुर्बिणीचा शोध गॅलिलिओने लावला’ असं छापलं आहे, ते खोडून टाका.

त्याने केलं ते वेगळं आणि जास्त कष्टाचं. बाजारात मिळणाऱ्या तीन-चार पट क्षमतेच्या नळीवरून तो ऑगस्टपर्यंत आठ-नऊ पटीवर आणि वर्षअखेर वीस पटीवर गेला, कारण भिंगं स्वतः घासायला शिकला. त्याच सुमाराची त्याच्या हातची खरेदीची एक यादी सापडली आहे. तीत तोफेचे दोन गोळे, ऑर्गनची कथलाची नळी, जर्मन काच, आरशाचे तुकडे, घासायची पूड, राळ आणि नमदा आहे. शेजारीच चणे, तांदूळ, मनुका, मिरी आणि लवंगा. तोफेचा गोळा भिंग घासायचा साचा म्हणून कामाला येतो. ही यादी पुस्तिकेत छापली असती तर चार पानांच्या चरित्रापेक्षा जास्त कळलं असतं.

आता पाहायचं काय आणि कसं. आवाका फक्त पंधरा कलांचा, म्हणजे पाव अंश. चंद्र अर्धा अंश भरतो, तेव्हा एका वेळी त्याच्या निम्म्या रुंदीएवढाच भाग दिसेल. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ग्रह साधारण एका मिनिटात दृश्यातून निसटतो. पेटीतला प्लॅस्टिकचा तिवई-स्टँड यासाठी निरुपयोगी आहे, मीटरभर लांब नळीचं टोक श्वासानेही हलतं. नळी बाल्कनीच्या ग्रिलवर गुंडाळलेल्या चादरीत दाबून बसवा आणि मागचं टोक खुर्चीच्या पाठीवर टेकवा. गच्चीवर जायचं तर रात्री नऊनंतर जा. दिवसभर तापलेल्या स्लॅबमधून संध्याकाळी गरम हवा उठत असते आणि प्रतिमा पाण्याखाली असल्यासारखी थरथरते. बंद खिडकीच्या काचेतून पाहू नका.

चंद्रासाठी पौर्णिमा टाळा. शुक्ल सप्तमी ते नवमी हे दिवस उत्तम, तेव्हा उजेड आणि अंधार यांची सीमारेषा चंद्राच्या मधोमध असते आणि सावल्या लांब पडतात. सीमेच्या पलीकडे, अंधारात, एकटे चमकणारे ठिपके दिसतील. ती डोंगरांची शिखरं, पायथ्याच्या आधी ऊन पोचलेली. इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियटने गॅलिलिओच्या आधी, १६०९ च्या उन्हाळ्यात, सहा पट क्षमतेच्या नळीतून चंद्राचं चित्र काढलं होतं. पण ते ठिपके म्हणजे उंची आहे आणि ती मोजता येते, हे गॅलिलिओने दाखवलं. सीमारेषेपासून ठिपक्यापर्यंतचं अंतर त्याने धरलं चंद्राच्या व्यासाच्या विसाव्या भागाएवढं. चंद्राचा व्यास २,००० मैल मानला तर त्रिज्या १,००० आणि हे अंतर १००. एक हजाराचा वर्ग अधिक शंभराचा वर्ग, त्याचं वर्गमूळ १,००४ च्या वर, हे चंद्राच्या केंद्रापासून शिखरापर्यंतचं अंतर. म्हणजे डोंगर चार मैलांहून उंच. नववीच्या मुलाला येणारं पायथागोरस, आणि त्यातून आकाशातल्या गोलावरचा डोंगर मोजला जातो. पेटीतल्या दुर्बिणीतून ठिपक्याचं अंतर अंदाजाने घेऊन ही आकडेमोड स्वतः करा. पुस्तिकेत तिचा उल्लेखच नाही.

गुरूसाठी वही-पेन्सिल बरोबर हवी. ७ जानेवारी १६१० ला गॅलिलिओला गुरूजवळ तीन तारे दिसले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला. १३ तारखेला चार दिसले. त्याने रोज एक गोल आणि काही ठिपके काढले, बाजूला अंतरं लिहिली. तुम्हीही तेच करा. सर्वात आतला आयो पावणेदोन दिवसांत फेरी पुरी करतो, त्यामुळे दोन-तीन तासांतही फरक जाणवतो. युरोपाला साडेतीन दिवस लागतात, गॅनिमीडला सात, कॅलिस्टोला जवळजवळ सतरा. कॅलिस्टो लांब गेला की पंधरा कलांच्या आवाक्यातून बाहेर पडू शकतो. चौथा दिसत नाही म्हणून भिंगाला दोष देऊ नका, नळी जरा बाजूला सरकवून बघा. पुस्तिकेत गुरूचं पट्ट्यापट्ट्यांचं रंगीत चित्र आहे. तसं या दुर्बिणीतून कधीच दिसणार नाही. शनीची कडीही सुटी दिसणार नाहीत, लांबट गोळा दिसेल. गॅलिलिओलाही १६१० मध्ये तो तीन गोळ्यांचा वाटला, आणि ते कडं आहे हे डच खगोलज्ञ हॉयगेन्सने १६५९ मध्ये छापून सांगेपर्यंत बाकीचेही चाचपडतच होते. शुक्राची कोर मात्र छान दिसते. ती संधिप्रकाशात पाहावी, पूर्ण अंधारात शुक्र डोळे दिपवतो.

घोडबंदर रोडच्या झगमगाटाने गुरू आणि चंद्राचं काही बिघडत नाही. कृत्तिका या तारकागुच्छाचं बिघडतं. गॅलिलिओने तिथे छत्तीस तारे काढले होते. तेवढे मोजायचे असतील तर मुरबाडच्या पुढे जायला हवं.

पुस्तिकेतली सर्वात गंभीर चूक सोळाव्या पानावर आहे: सूर्याचे डाग ‘नेत्रिकेवर काळी काच लावून’ पाहावेत. हे करू नका. भिंगाच्या नाभीपाशी काच तापून तडकते आणि डोळा कायमचा जातो. गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली याने सुचवलेली पद्धत वापरा: नळी सूर्याकडे धरून नेत्रिका किंचित बाहेर ओढायची आणि मागे अर्ध्या मीटरवर पांढरा कागद धरायचा. कागदावर सूर्याचं वर्तुळ उमटतं, डाग असतील तर पेन्सिलने त्यावरच टिंबं काढता येतात. २० मिमीची चकती लावलेलीच असू द्या आणि लहान मुलांना नळीपाशी एकटं सोडू नका. दुकानदाराने निदान पुढच्या पेट्यांमधलं ते पान तरी काढून टाकायला हवं.

उतरणीकडे वळू. ‘दोन नवी विज्ञानं’ या १६३८ च्या ग्रंथात गॅलिलिओने आपली उतरण मापांसकट लिहून ठेवली आहे: बारा हात लांबीची लाकडी तुळई, बोटभर रुंदीची खाच, खाचेला गुळगुळीत चर्मपत्राचं अस्तर आणि काशाची घोटीव गोळी. प्रयोग शंभरदा केला आणि वेळेतला फरक नाडीच्या एका ठोक्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त आला नाही, असं तो म्हणतो. विसाव्या शतकात अलेक्सांद्र कॉयरे या इतिहासकाराने हे खरं मानलं नाही. १९६१ मध्ये टॉमस सेटल याने तुळई, गोळी आणि पाण्याचं घड्याळ घेऊन प्रयोग पुन्हा केला आणि तेवढी अचूकता येते हे दाखवून दिलं.

पेटीत तुळईच्या जागी काटकोनी ॲल्युमिनियम अँगल आहे, कोपरा खाली ठेवून वापरायचा. कल्पना ठीक, पण तो दोन तुकड्यांत आहे आणि जोडावर अर्ध्या मिलिमीटरची पायरी राहते. गोळी तिथे उडते, आपटते आणि वेग घालवते. जोडाच्या खाली पट्टी लावून, कानशीने घासूनही पूर्ण समाधान होत नाही. सरळ ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडून अडीच मीटरचा अखंड अँगल कापून आणा. दुसरा त्रास झोळ पडण्याचा. दोन टोकांवर टेकवलेला अँगल मधे खाली वाकतो, गोळी सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी वेग घेते. तीन ठिकाणी आधार द्या आणि कडेने दोरा ताणून सरळपणा तपासा.

दोन मीटर लांबीला एक टोक १० सेंमी उचला. गोळी पूर्ण उतरण साधारण ३.८ सेकंदांत उतरते. वरून फक्त अर्धा मीटर उतरायला १.९ सेकंद. अंतर चौपट, वेळ दुप्पट, आणि हाच सगळ्या प्रयोगाचा गाभा. उतार वाढवला तर वेळ इतकी कमी होते की मोजणाऱ्याच्या हाताचाच घोळ त्यात मिसळतो. गॅलिलिओने उतरण वापरली ती यासाठीच, पडणं संथ करण्यासाठी. लोखंडाची, काचेची आणि लाकडाची अशा तिन्ही गोळ्या जवळपास एकाच वेळी पोचतात, कारण भरीव गोळीच्या बाबतीत वजन आणि आकार दोन्ही हिशोबातून निघून जातात. मात्र वेळेवरून गुरुत्वत्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढण्याचा दर) काढायला गेलात तर उत्तर ९.८ येणार नाही, जवळजवळ निम्मं येईल. पुस्तिका इथे ‘घर्षणामुळे’ म्हणते, ते चूक. गोळी फिरते, आणि तिची बरीचशी ऊर्जा त्या फिरण्यात जाते. काटकोनी खाचेत तर वेग वाढण्याचा दर घसरणाऱ्या वस्तूच्या १.८ व्या हिश्श्यावर येतो. गॅलिलिओलाही हे माहीत नव्हतं, पण तो गुणोत्तरं पाहत होता, म्हणून त्याचा नियम टिकला.

मोबाइलचं स्टॉपवॉच बाजूला ठेवून पाण्याचं घड्याळ करून बघा. आपल्याकडे घटिकापात्र होतं, तळाला छिद्र असलेलं वाटीसारखं भांडं, बुडायला चोवीस मिनिटं. गॅलिलिओला सेकंदाचे भाग हवे होते, म्हणून तो मोठ्या भांड्यातून बारीक नळीने पडलेलं पाणी तोलत असे. पेटीतली अर्ध्या लिटरची बाटली यासाठी लहान आहे. पाणी कमी झालं की दाब उतरतो आणि धार मंदावते. वीस लिटरची पाण्याची बाटली वर ठेवा, ३ ते ४ मिमी आतल्या व्यासाची आखूड नळी लावा आणि बोटाने तोंड उघडा-मिटा. सेकंदाला आठ-दहा ग्रॅम पाणी पडलं की स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो. गोळी सोडताना बोट काढायचं आणि ती खाली आपटली की बोट ठेवायचं. एकाच माणसाने दोन्ही केलं तर फरक कमी पडतो. वाचनं किमान वीस घ्या. पहिली चार-पाच हात बसेपर्यंत वेडीवाकडी येतात.

याहून सुंदर रीत कानाची आहे. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो ल्यूट वाजवायचे. त्या तंतुवाद्याचे पडदे (सूर धरायला दांडीवर आडव्या बांधलेल्या तारा) तातीचे आणि सरकवता येणारे असत. गॅलिलिओच्या एका हस्तलिखित पानावरून अभ्यासक स्टिलमन ड्रेक याने अंदाज केला की उतरणीवर असेच पडदे बांधून, ठोके समान पडेपर्यंत ते सरकवून त्याने अंतरं मिळवली असावीत. अँगलच्या आतल्या दोन्ही बाजूंना जाड शिवणदोरा आडवा चिकटवा, वरून १२, ४८, १०८ आणि १९२ सेंटिमीटरवर. गोळी दोऱ्यांवरून जाताना टक-टक-टक-टक असे सारख्या लयीत ठोके पडतील, सुमारे ०.९४ सेकंदाच्या अंतराने. एक दोरा दोन-तीन सेंटिमीटर खाली सरकवा, लय लंगडते. भजनात टाळ धरणाऱ्याला ती लगेच कळेल, काट्याची गरज लागणार नाही. या प्रयोगासाठी पेटीत दोऱ्याचं रीळ असायला हवं होतं. दहा रुपयांची वस्तू.

पुस्तिकेत पिसाच्या मनोऱ्याची गोष्ट दोन पानं व्यापते. ती गॅलिलिओच्या मृत्यूनंतर त्याचा शिष्य विव्हियानी याच्या चरित्रलेखनातून आली, दुसरा भक्कम पुरावा नाही. हॉलंडच्या सायमन स्टेव्हिनने मात्र एकमेकांच्या दसपट वजनाचे शिशाचे दोन गोळे तीस फुटांवरून फळीवर टाकले, दोघांचा आवाज एकच ऐकला आणि १५८६ मध्ये छापलं. ती दोन पानं त्याला द्यायला हवी होती.

लंबकाचं सामान साधं आणि चांगलं आहे. वीस झोके मोजा, टांगलेल्या बिंदूपासून गोळीच्या मध्यापर्यंतची लांबी धरा आणि झोका दहा अंशांच्या आत ठेवा. सगळे झोके सारख्या वेळेचे असतात, हे गॅलिलिओचं म्हणणं लहान झोक्यांपुरतंच खरं. साठ अंशांवर झोका सात टक्के जास्त वेळ घेतो. इथे एक तपशील जपून वाचा. एका बाजूला जायला नेमका एक सेकंद घेणाऱ्या लंबकाची लांबी पुस्तिकेत ९९.४ सेंमी दिली आहे. ती पॅरिसची. ठाण्याच्या अक्षांशावर गुरुत्वाकर्षण जरा कमी, म्हणून ती ९९.२ असते. वीस झोक्यांत हा फरक कळणार नाही, पण पॅरिसच्या लांबीचं घड्याळ इथे दिवसाला शंभरेक सेकंद मागे पडेल. फ्रेंच खगोलज्ञ झां रिशे १६७२ मध्ये विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला तेव्हा त्याचं घड्याळ दिवसाला अडीच मिनिटं मागे पडलं, आणि पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे या वादाला त्यातून बळ मिळालं. पुस्तिका करणाऱ्याने आकडा तपासला असता तर हा प्रयोग ठाण्याचा झाला असता.

लोलक ॲक्रिलिकचा आहे आणि एकच आहे. न्यूटनने १६७२ मध्ये जो निर्णायक प्रयोग म्हणून मांडला, त्याला दोन लोलक लागतात: पहिल्यातून निघालेल्या पट्ट्यातला एकच रंग भोकातून दुसऱ्यावर सोडायचा आणि तो आणखी फुटत नाही हे बघायचं. एका लोलकाने इंद्रधनुष्य दिसतं, पण रंग काचेने तयार केले की प्रकाशात आधीपासून होते, याचा निकाल लागत नाही. दुकानात काचेचा लोलक वेगळा मिळतो, दोन घ्या. पडदा फूटभर अंतरावर ठेवा असं पुस्तिका सांगते, तिथे मधोमध पांढराच पट्टा दिसतो, कारण रंग अजून एकमेकांवर पडलेले असतात. न्यूटनची भिंत बावीस फुटांवर होती आणि त्याला पट्टा रुंदीच्या पाचपट लांब मिळाला. घरातल्या हॉलमध्ये दहा-बारा फूट पुरतात. खिडकी पुठ्ठ्याने बंद करून त्याला सहा-सात मिमीचं भोक पाडा.

पैसे मोजून घ्यावी अशी वस्तू म्हणजे भिंगांचा संच. तो सुटाही मिळतो, ९०० रुपयांना. अँगल, काचेचे लोलक आणि दोरा बाहेरून घेतले तर पूर्ण पेटीची गरज उरत नाही. शाळेला एकगठ्ठा बिल हवं असेल तर पेटी घ्यावी, पण पुस्तिकेत वरच्या दुरुस्त्या करूनच मुलांच्या हातात द्यावी. दुकानातली माणसं मदत करतात, भिंग बदलून देतात. नाभीय अंतर मात्र त्यांच्यासमोर मोजून घ्या.

शेवटचा प्रयोग बारा मीटर नळीचा, आणि ठाण्यात तो जितका सोयीचा तितका कुठेच नाही, कारण त्याला फक्त चार मजल्यांचा जिना लागतो. शोषून पाणी साधारण दहा मीटरच्या वर चढत नाही, हे इटलीतल्या पंपवाल्यांना ठाऊक होतं. म्हणूनच आजही सोसायटीचा पंप तळटाकीपाशी बसवतात, गच्चीवर नाही. रोममध्ये गास्पारो बेर्तीने १६४० च्या सुमारास घराच्या भिंतीला शिशाची उंच नळी लावून हे करून पाहिलं. मग गॅलिलिओचा शिष्य तॉरिचेल्ली याने पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड पारा घेतला आणि स्तंभ ७६ सेंटिमीटरवर आणला. फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालचा मेहुणा पेरिये १९ सप्टेंबर १६४८ ला पाऱ्याची नळी घेऊन प्युई-द-दोम डोंगरावर चढला, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटर उतरला. पेटीत पारा दिलेला नाही, हे अगदी योग्य केलं.

दिलेली नळी मात्र पातळ आहे. भिंतीची जाडी दोन मिमीपेक्षा कमी असेल तर वरच्या टोकाला बाहेरची हवा ती चपटी करते आणि उन्हात तर लगेच. नायलॉनची वीण असलेली पारदर्शक नळी घ्या, आतला व्यास ८ ते १० मिमी. पाणी उकळून झाकून गार करा, म्हणजे विरघळलेली हवा निघून जाते. त्यात खाण्याचा लाल रंग घाला. उंचावर ठेवलेल्या बादलीतून नळी पूर्ण भरून घ्या, एकही बुडबुडा राहू देऊ नका. वरच्या टोकाला लाकडी बूच ठोकून वर क्लिप आवळा, खालचं टोक तळमजल्यावरच्या बादलीत बुडवलेलं ठेवा आणि बूच लावलेलं टोक दोरीने जिन्याच्या पोकळीतून वर ओढा. कठड्यावरून कोणी वाकू नका, दोरी वरच्या मजल्यावरून सोडलेली असावी. दहा मीटरच्या आसपास नळीच्या टोकाशी पाणी सुटतं, बुडबुडे उठतात आणि थंड पाणी उकळल्यासारखं दिसतं. दहा मिनिटं थांबा, मग बादलीतल्या पातळीपासून वरच्या पातळीपर्यंतची उभी उंची मोजा. नळी तिरकी असेल तर नळीची लांबी मोजू नका.

हवेचा दाब पाण्याला पेलून धरतो ते पूर्ण १०.३ मीटर इथे येणार नाहीत. वरच्या मोकळ्या जागेत पाण्याची वाफ असते आणि तीस अंशांना तिचाच दाब चाळीसेक सेंटिमीटर पाणी खाली ढकलतो. प्रयोग जानेवारीत करून भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि जुलैत पुन्हा नळी ओढा. पावसाळ्यात हवेचा दाब उतरलेला आणि पाणी जास्त कोमट असतं, त्यामुळे लाल पाणी त्या खुणेच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खालीच थांबेल.